मोगलाई गेली, दारं उघडायची राहिली

आमच्या मुलखात साहेब गावात शिरला की गाव रिकामं व्हायचं. मी काही साहेब नव्हतो. देवी टोचणारा होतो. खांद्याला खाकी पिशवी, हातात ओलं फडकं गुंडाळलेलं मडकं आणि पायात चार ठिकाणी शिवलेल्या वहाणा. पण डोक्यावर सरकारी टोपी होती, आणि माणसापेक्षा टोपी लांबून दिसते. मी वेशीशी पोचेपर्यंत बाया घरात, बाप्ये ज्वारीत आणि चावडीवर एकटं कुत्रं, अशी गावाची मांडणी होऊन गेलेली असायची.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. पोलीस ॲक्शन झाली, आमचा उस्मानाबाद जिल्हा आधी नव्या हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात आणि शेवटी महाराष्ट्रात आला. हे सगळं कचेरीच्या पाट्यांवर भराभर बदललं. माणसांच्या पायांना मात्र ते कळायला वेळ लागला. टोपी दिसली की पाय आपोआप ज्वारीकडं वळायचे.

आता माझे नातू विचारतात, निजाम का गेला, लोक त्याच्यावर का उठले, आणि तो गेल्यावर काय झालं. मी इतिहासाचा माणूस नाही. मी लोकांचे दंड बघितले. पण दंड बघायचा तर आधी माणूस दाराबाहेर यावा लागतो, आणि तो येतो की नाही यावरून मागचं राज्य कसं होतं आणि आत्ताचं कसं आहे, दोन्ही कळतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मला एका गावाच्या आणि एका बाईच्या गोष्टीतूनच देता येतं.

आधी धंद्याचं थोडं सांगतो, कारण आता देवीचा रोग उरला नाही आणि आमची जातही उरली नाही. लस काचेच्या बारीक नळ्यांतून यायची. ऊन लागलं की ती मरायची, म्हणून मडकं आणि ओलं फडकं. उजाडताच चालायला लागायचं, ते ऊन चढायच्या आत पुढचं गाव गाठायचं. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा आणि दातेरी चकतीचं एक छोटं पातं त्यावर फिरवायचं. दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. मग पातं स्पिरिटच्या दिव्यावर भाजून, निववून पुढच्या माणसाला. आठवड्यानं परत येऊन बघायचं. फोड धरला असेल तर माणूस सुटला. नसेल धरला तर पुन्हा थेंब, पुन्हा पातं, पुन्हा त्याच बाईच्या शिव्या.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. अणदूरला एका म्हाताऱ्यानं स्वतःचा हात दिला नाही, पण बैल पुढं केला. "ह्याला टोचा. म्या मेलो तर पोरं हाईत, ह्यो मेला तर शेत कोण वढील?" सास्तूरकडं एका बाईनं माझ्या मडक्यात दही आहे असं समजून भाव विचारला होता. आणि घरी आमचे वडील. आम्ही तुळजापूरचे, देवीच्या पूजेतले. मी ही नोकरी धरली तेव्हा वडील म्हणाले, "पिढ्यान् पिढ्या आपण देवीच्या पायाशी बसलो. आता तू तिच्याच नावाच्या रोगाशी भांडणार." मी म्हणालो, "अण्णा, देवी आई आहे. आई लेकराचे डोळे घेत नाही. हा रोग निराळा." पुढं महिन्याभरानं दर्शनाला आलेल्या एका कुटुंबाला त्यांनी माझ्याकडं पाठवलं आणि त्याबद्दल माझ्यापाशी चकार शब्द काढला नाही.

तर आता ते गाव. नाव लिहीत नाही, कारण तिथं जे झालं त्यातल्या काहींची लेकरं-नातवंडं तिथंच राहतात. ईटच्या पुढं, जुन्या हद्दीला लागून आहे एवढं पुरे. त्या काळी हद्दीच्या अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, आणि पलीकडं इंग्रजी मुलूख, आणि मधे जकातीचा नाका.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढची थंडी सरत आलेली, ज्वारी अजून उभी. ईटच्या बाजारात मिरच्या विकणारा एक माणूस म्हणाला, "डाक्टर, आमच्या गावात देवी आल्यात. पिंजाऱ्यांच्या आळीत." दुसऱ्या दिवशी उजाडताना मी त्या गावच्या वाटेला होतो.

पोलीस पाटील वेशीवरच भेटले. मध्यम वयाचे, बोलायला सरळ. म्हणाले, "या. लोक पळाले असतील, त्याचं वाईट वाटून घिऊ नका. सवय हाय." मी विचारलं, "पाटील, आता पळायचं कारण काय?" ते म्हणाले, "कारण न्हाय. सवय."

तेवढ्यात देवळाच्या पारावरून एक बाई उठून आली. पस्तिशीची असेल, उंच, कपाळ मोकळं. पाटलांनी हळू आवाजात सांगितलं, "गोविंदाची बायको, सोजर. गोविंदा नाक्यावर गेला." गेला म्हणजे काय हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नसे. निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांनी हद्दीवरचा जकात नाका जाळला, त्या चकमकीत तो मारला गेला होता.

सोजरबाईनं मला पायापासून टोपीपर्यंत बघितलं. "दुखतं का?"

"मुंगळा चावल्याएवढं."

"मग ती टोपी काडा आन् माझा हात धरा."

मी टोपी काढून पिशवीत घातली. तिनं पारावर बसून, सगळं गाव बघेल अशा तऱ्हेनं बाही वर केली. टोचून झाल्यावर ती ज्वारीकडं तोंड करून ओरडली, "या रं भाईर. ह्यो काय मागाया आला न्हाय, द्यायला आलाय." आणि खरंच, धाटं हलली. एक आला, दोन आले. दुपारच्या भाकरीपर्यंत मूळ गावातले बहुतेक दंड माझ्या पात्याखालून गेले. इतकं सोपं काम मला त्याआधी कुठं झालेलं आठवत नाही.

अवघड पुढं होतं. पिंजाऱ्यांची आळी गावाच्या खालच्या अंगाला. कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारी मुसलमान कुटुंबं. मी, पाटील आणि सोजरबाई गेलो तेव्हा आळीत सगळी दारं आतून बंद होती. एका दाराच्या चौकटीला लिंबाचे डहाळे खोवलेले. म्हणजे रोगी याच घरात. मी निजामी शाळेत शिकलेला, भूगोलसुद्धा उर्दूतच पाठ केलेला. वाटलं, इथं आपली उर्दू कामाला येईल. बगलेतली नोंदवही काढली आणि दाराशी उभं राहून, कचेरीत बोलतात तशा अदबीनं, घरातल्या माणसांनी आपापली नावं लिहवून द्यावीत अशी विनंती केली. आमच्या कामाची रीतच ती होती. आधी नाव, मग दंड.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि मग अगदी शांत. श्वासही ऐकू येईना.

सोजरबाई म्हणाली, "डाक्टर, ती कचेरीतली उर्दू खिशात ठिवा. आतली खातून जल्मभर माझ्यासंगं मराठीतच भांडलीय." तिनं स्वतः हाक मारली. "खातून, म्या हाय." उत्तर नाही.

पाटील मला बाजूला घेऊन म्हणाले, "कायदा तुमच्याकडंय. भूमला सांगावा धाडा, फौजदार येतील. दोन दारं मोडली की बाकीची आपून उघडतील. न्हायतर रोग गावात फिरंल, मग मला बोल लावू नका."

पाटील खोटं बोलत नव्हते. साथीच्या काळात तसा अधिकार होता, आणि मी सांगावा धाडला असता तर फौजदार आलेही असते. माझ्यापुढं रोग होता. उद्या आळीतून तो निघाला तर शेजारच्या वाड्या-वस्त्यांवर कुणाकुणाचे डोळे आणि जीव घेईल, याचा हिशेब कुणाला करता येणार? मी काही बोलणार तोच सोजरबाई मधे आली.

"पाटील, आमचं मालक मेलं ते काय दार मोडणारा बदलावा म्हणून मेलं?"

पाटलांनी मान खाली घातली. त्यांना राग आला नाही, हे मला विशेष वाटलं. ती पुढं म्हणाली, "डाक्टर, आजचा दिस मला द्या. फौजदार उद्या बी मिळंल."

मी दिला. ती खातूनबीच्या उंबऱ्याशी पाठ टेकून बसली आणि मी समोरच्या कट्ट्यावर, मडक्यावरचं फडकं पुन्हा ओलं करून. ऊन उतरणीला लागलेलं होतं. मी विचारलं, "एवढं काय भ्यालेत हे लोक? निजाम तर यांच्याच धर्माचा होता." मी तरुण होतो, आणि शहाण्या माणसांनीही तेव्हा हाच प्रश्न विचारला असता.

सोजरबाई बराच वेळ बोलली. तिनं सांगितलं ते जमेल तेवढं तिच्याच शब्दांत देतो.

"गिरदावर सायेब म्हसुलाच्या फेरीला येनार म्हनलं की आधी सांगावा यायचा. कुनी दूध, कुनी गवत, कुनी कोंबडं. फुकट. वेठ म्हनायचे तिला. आमच्याकडं गाडी-बैल, म्हून गाडी. त्या साली वाफसा आला आन् त्याच दिशी सांगावा आला. मालकांनी हात जोडलं. म्हन्ले, वाफसा गेला की साल गेलं, पेरतो आन् येतो. तर चावडीम्होरं उन्हात वाकवून हुबं केलं आन् पाठीवर धोंडा ठिवला. गिरदावरानं न्हाय, त्यो छपरात चा पीत हुता. धोंडा ठिवनारा आपल्याच गावचा. मग गाडी गेली. गाडीत काय व्हतं ठावं हाय? गाद्या. सायबाच्या गाद्या. त्या ह्या खातूनच्या मालकानं भरल्याल्या, दस्तगीरभाईनं. त्याबी फुकट. त्यानं भरायच्या आन् आमच्या मालकांनी वाहायच्या. आता सांगा, निजाम कुनाच्या धर्माचा हुता?"

मी मडकं सावलीत सरकवलं.

"गाडी माघारी आली तवर वाफसा गेला हुता. मालकांनी बैलांना पानी दावलं, मला म्हन्ले, म्या हद्दीपल्याड जातो, तिथं पोरं जमल्यात. मी इचारलं, कवा येनार? म्हन्ले, ह्ये बंद पडल्यावर. राजा कोन, हैदराबाद कुठं, आमी काय बघितलं व्हतं का? आमाला ह्ये बंद पाडायचं हुतं."

पुढं ती शेणाच्या पाटीत तळाशी भाकरी घालून हद्दीपलीकडच्या त्या पोरांना पोचवायची. नाक्यावरचा शिपाई शेणात हात घालत नसे. आणि पोरांचा मुक्काम आज कुठं, उद्या कुठं, ही खबर तिला कोण आणून द्यायचं? दस्तगीर पिंजारी. तो कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून दोन्हीकडच्या गावांत फिरायचा आणि त्याच्यावर कुणाला संशय येत नसे. मुसलमान म्हणून नाक्यावर कोणी अडवत नसे. त्याच्या पुतण्यानं मात्र निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा गणवेश घातला होता. एकाच घरात दोन वाटा.

मग नाका जळाला आणि गोविंदा गेला. थोड्या दिवसांनी हिंदुस्थानचं सैन्य आलं आणि निजामाचं राज्य कोसळलं. गावात गूळ वाटला. आणि त्यानंतरच्या आठवड्यात बाहेरगावचा जमाव आला, रझाकार काढा म्हणत. पुतण्या केव्हाच पळाला होता.

इथपर्यंत सांगून सोजरबाई थांबली. पुढचं तिनं सांगितलं नाही. ते दाराच्या आतून आलं. खातूनबी फळीला तोंड लावून हळू बोलत होती, आणि ती सगळा वेळ ऐकत होती हे आम्हांला तेव्हा कळलं.

"आक्का, ते बी असंच म्हन्ले होते. नावं लिव्हायचीत, भाईर या. ह्यांनी कुडतं घातलं, म्हन्ले, आपलं काय, आपन तर गोविंदाचं मानूस. पोराला बी संगं घेतलं, नाव लिव्हायला. भाईर गेले. नाव कुनी लिव्हलं न्हाई."

माझ्या मांडीवर नोंदवही होती. मी ती पाटलांच्या हातात दिली आणि म्हणालो, "ही चावडीत नेऊन ठेवा. आज नाव कुणाचंच लिहायचं नाही." पाटील ती घेऊन गेले. त्यांच्या डोळ्यांकडं मी बघितलं नाही.

जमाव आला त्या आठवड्यात सोजरबाई काय करत होती, हे मला नंतर पाटलांकडून कळलं. सरकारी लेव्हीनं धान्य नेल्यामुळं तिच्या अंगणातलं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, रिकामं पडलं होतं. दस्तगीरला आणि त्याच्या थोरल्याला ती वाचवू शकली नाही. पण खातूनबीला आणि धाकट्या लेकरांना तिनं त्या पेवात उतरवलं, तोंडावर चिपाडं रचली आणि वर स्वतःच्या तान्ह्या लेकीला घेऊन बसून राहिली. जमावातल्या एकानं विचारलं, "खाली काय हाय?" ती म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं जीव दिल्याली जागा बघायची असंल तर नाक्यावर जा. हितं माझं घर हाय." जिचा नवरा निजामाशी लढून मेला त्या बाईच्या अंगणात पाय टाकायची छाती कुणाची झाली नाही.

तर त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी दार हातभर उघडलं, सोजरबाईपुरतं. ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"जैनब देवीनं भरलीय, खातूनची लेक. तिच्या जावंचं तान्हं बी तापलंय. बाकी समदे चांगले हाईत. पर त्या तुमाला आत घेनार न्हाईत, आन् मी त्यांच्यावर जबरी करनार न्हाय."

"मग?"

"मग मला शिकवा."

हे नियमात नव्हतं. लस आणि पातं सरकारी नेमणुकीच्या माणसाशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही, हे आम्हांला पहिल्याच दिवशी बजावलेलं. पण कट्ट्यावर बसून दार बघण्याचाही काही नियम नव्हता. मी माझी बाही वर केली. "आधी माझ्यावर करा."

पहिल्यांदा तिनं जोर दिला आणि पातं रुतलं. रक्त आलं. मी म्हणालो, "रक्त आलं म्हणजे जास्त झालं. दाबायचं नाही, फिरवायचं." दुसऱ्यांदा बरोबर जमलं. ती स्वतःशीच म्हणाली, "भाकरीचं बी असंच. दाबली की फाटती."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आमचं काम सुरू झालं. मी आळीच्या मधोमध स्पिरिटचा दिवा लावून बसलो. पातं भाजायचं, निववायचं, दाराशी धरायचं. दार हातभर उघडायचं, सोजरबाईचा हात बाहेर यायचा आणि पातं आत न्यायचा. आतून लेकराचं रडणं आलं की मी समजायचो, एक झालं. मग तोच हात पातं परत द्यायचा. असं एकेक घर. माझ्या सगळ्या नोकरीत मी टोचलेल्या माणसांपेक्षा त्या दिवशी मी न टोचलेली माणसं मला जास्त आठवतात. शेवटच्या घराचं दार पूर्ण उघडलं, आणि एका म्हाताऱ्या बाईनं पितळीत गुळाचा चहा आणून माझ्यासमोर ठेवला. ती मला म्हणाली, "पी बेटा. दिसभर धूपमें बैठा." मी माझी कचेरीतली उर्दू खिशातच ठेवली आणि मराठीत म्हणालो, "पितो, आई."

लस आधी शिरलेल्या रोगाच्या मागं धावते. कधी गाठते, कधी नाही. जैनब बारा-तेरा वर्षांची होती. ती वाचली. तोंडभर वण राहिले, पण डोळे राहिले. तान्हं गेलं.

आळीतले वाचलेले मोजके कर्ते बाप्ये परगावी पिंजायला गेले होते. घरी होते ते म्हातारे. कबरस्तानाची जमीन मुरमाड, टिकाव मारला की ठिणगी उडावी अशी. एक म्हातारा टिकाव घेऊन उभा होता आणि त्याच्यानं तो वर उचलवत नव्हता. मी पुढं झालो, पण मला ते काम येत नव्हतं. तेवढ्यात वरच्या अंगानं पाटील येताना दिसले, खांद्यावर टिकाव. त्यांच्यामागं गावातले चारपाच जण, फावडी घेतलेले. पहिल्या दिवशी पारावर टोचून घेतलेलेच होते. खड्डा झाला, माती झाली. पाटील हात झटकून त्या म्हाताऱ्याला एवढंच म्हणाले, "चाचा, काही लागलं तर सांगत जा."

मी सोजरबाईला विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं यांना?"

"न्हाय," ती म्हणाली. "मला बी आत्ताच दिसले."

त्यांतला कुणी त्या आठवड्यात त्या जमावासोबत होता का, हे मी विचारलं नाही. मला आजही वाटतं की कुणीतरी होता. त्या खड्ड्यानं मागचं काही भरून निघालं असं मी म्हणणार नाही. खातूनबीनं तरी तसं कधी म्हटलं नाही. पण आठवड्यानं मी फोड बघायला परत गेलो तेव्हा आळीतली दारं उघडी होती आणि एका ओट्यावर कापूस पिंजण्याचा आवाज चालला होता. ती साथ त्या गावातून पुढं गेली नाही.

वरिष्ठांना मी सगळं खरं सांगितलं. लस एका शेतकरी बाईच्या हातानं दिली म्हणून. ते जुने हैदराबादचे डॉक्टर होते, कडक. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांचे फोड धरले?" मी म्हणालो, "सगळे." ते म्हणाले, "माझे स्वतःचेही सगळे कधी धरले नाहीत," आणि विषय संपवला.

त्यानंतर त्या भागात माझं कुठं अडलं की मी सोजरबाईला निरोप पाठवायचो. ती यायची. पुढं जैनबही यायला लागली. एखादी आई लेकरू पोटाशी धरून बसली की जैनब ओढणी मागं सारून म्हणायची, "मावशी, माझ्या तोंडाकडं बघा. असं व्हायला नको असंल तर द्या त्याचा हात." कुणाला पुढं समजावावं लागत नसे. पुढं तिचं लग्नही झालं. तिनं नवऱ्याला आधीच सांगून टाकलं होतं की मी अधूनमधून डाक्टरबरोबर गावं फिरणार.

महाराष्ट्र झाला, जिल्हा परिषदा आल्या. हद्दीवरचा तो जळका नाका तसाच पडून होता. आता त्याच्या दोन्ही बाजूंना एकच राज्य होतं, त्यामुळं नाक्याला कामच उरलं नव्हतं. परिषदेनं त्याच्या भिंती लिंपल्या, वर पत्रे टाकले आणि तिथं दवाखान्याचं उपकेंद्र काढलं. पहिल्या दिवशी टोचणीचं शिबिर. मला वाटलं होतं सोजरबाई यायची नाही. त्या जागेवरून ती इतक्या वर्षांत कधी गेली नव्हती, शेताला जाताना लांबून वळसा घ्यायची. पण ती आली. थोडा वेळ बाहेर उभी राहिली, भिंतीला हात लावला आणि आत येऊन जैनबशेजारी बसली. गावाची आणि पिंजाऱ्यांच्या आळीची रांग एकच होती, कारण दार एकच होतं.

दुपारी कलेक्टर आले. तरुण होते, परगावचे. रांग थबकली. माणसं सवयीनं मागं सरकायला लागली आणि एकदोघांनी तर पटके काढून हातात घेतले. कुणीतरी साहेबांच्या कानात सोजरबाईबद्दल सांगितलं. त्यांनी हात जोडले, स्वतः खुर्ची उचलून तिच्यापुढं ठेवली. "आई, बसा. तुमच्या यजमानांमुळं आज आम्ही इथं आहोत."

सोजरबाई खुर्चीवर बसली. मोगलाईत अंमलदारापुढं रयतेनं बसायची पद्धत नव्हती. रांगेतले म्हातारे टक लावून बघत राहिले. साहेब तिच्यापुढं उभेच होते. तिनं त्यांच्याकडं वर बघितलं आणि रांगेकडं बोट केलं.

"सायेब, तुमी टोचून घेतलंय का?"

"लहानपणी घेतलं होतं."

"इतक्या वर्सांचं चालत न्हाय. हितं आलेल्या समद्यांनी घ्यायचं हाय." आणि तिनं माझ्याकडं न बघता माझ्या हातातलं पातं घेतलं. "बाही वर करा."

साहेबांनी एक क्षण इकडंतिकडं बघितलं. मग त्यांनी मनगटाचं बटण काढलं आणि बाही दंडापर्यंत दुमडली.